वडाकडचे आणि उंबराकडचे

आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या सरांना कुणी काका म्हटलेलं खपत नसे. मामा तर मुळीच नाही. खोली बघायला आले त्या दिवसापासूनची ही तऱ्हा. आमची वैशू तेव्हा पाचवी-सहावीत असेल. दारात पाहुणा दिसला की पोरं म्हणतात तसं ती म्हणाली, काका, चपला इथं काढा. झालं. हा उंच, सडसडीत माणूस तिच्यासमोर उकिडवा बसला आणि अगदी मनापासून विचारायला लागला की तुझे वडील आणि मी, आमचा सामाईक आजोबा कोण? बरं, पणजोबा कोण? वैशूनं माझ्याकडे बघितलं, मी आमच्या ह्यांच्याकडे, आणि हे छताकडे.

"माहीत नाही," वैशू म्हणाली.

"मग मी काका कसा झालो? पुरावा मिळेपर्यंत सर म्हण."

ह्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, डोक्यात काहीतरी फरक दिसतोय, नको. सासूबाई म्हणाल्या, विडी ओढत नाही, एकटा जीव आहे, पाणी कमी लागेल, राहू दे. आमच्याकडे शेवटचा शब्द सासूबाईंचा. सर राहिले.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. गंगापूर रोडला तेव्हा बंगल्यांच्या मधूनमधून मळे शिल्लक होते, त्यातला एक आमचा. थोडी भाजी, थोडी शेवंती-निशिगंध. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं एक भिंग कायम लोंबत असे. शेजारच्या बायकांना कितीतरी दिवस तो कुठल्या बाबाचा ताईत वाटत होता. मूळचे कुठले म्हणून विचारलं तर सांगायचे, "आफ्रिकेचे. तुम्हीही." ह्यावर पुढे काय बोलणार? मीही मग कुणी माहेर विचारलं की सायखेडा म्हणायच्या आधी क्षणभर थांबायला लागले.

मला ते मालकीणबाई म्हणत आणि सासूबाईंना मोठ्या मालकीणबाई. वहिनी, आजी, ताई हे शब्द त्यांच्या तोंडात बसतच नसत. नातं म्हणजे गंमत नाही, म्हणायचे. ते शोधावं लागतं.

त्यांचा सगळा धंदाच तो होता. जगात कोण कुणाचा कोण लागतो, हे शोधत बसायचं. माणसांचं नाही हो, माणसांत त्यांना फार रस नव्हता. झाडं, किडे, पक्षी, शेवाळ. सकाळी मी ओट्यावर बाजारासाठी भाजी निवडत बसले की सर चहाचा कप घेऊन खाली उतरत आणि माझे वाटे मोडून आपले वाटे घालत. वांगी, टोमॅटो, मिरच्या एकीकडे. काकडी, दोडकी, कारली दुसरीकडे. कोबीच्या गड्ड्याला मुळ्याची जुडी टेकवून ठेवायचे आणि दोघांकडे असे बघायचे, जणू जत्रेत चुकलेली भावंडं ह्यांनीच भेटवली. मी म्हणायची, सर, मुळा कुठं, कोबी कुठं, काही साम्य आहे का? त्यावर ठरलेलं वाक्य यायचं, "दिसण्यावर जाऊ नका." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की मळ्यातले बैलसुद्धा शिकले असतील.

म्हणणं साधं होतं त्यांचं. वटवाघूळ उडतं म्हणून ते पक्ष्याचं कुणी होत नाही. देवमासा पोहतो म्हणून माशाचा कुणी होत नाही. अंगणातल्या धुळीत काडीनं एक फांदी काढायचे, तिला दोन फांद्या, त्यांना आणखी दोन, आणि विचारायचे, हे दोघं कुठे येऊन मिळतात? जितकं जवळ मिळतात तितकं नातं जवळचं. बाकी रंग, रूप, आकार सगळं वरवरचं. रांगोळी घालायच्या जागी मला कितीतरी सकाळी हे काटेरी झुडूप पुसून काढावं लागलं.

सासूबाईंचं आणि त्यांचं मात्र रोज वाजायचं. एकदा भिंतीवर पाल चुकचुकली, तर सर म्हणाले, मोठ्या मालकीणबाई, मगर ही ह्या पालीपेक्षा कोंबडीला जवळची आहे. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग उद्या मगर पाळ खुराड्यात, अंडी मी विकीन." उपासाला बटाटा चालतो आणि वांगं चालत नाही, ह्याचं तर सरांना अतोनात दुःख. सख्खी भावंडं आहेत हो, एकाला देवघरात घेता आणि दुसऱ्याला दारात उभं करता, म्हणायचे. सासूबाईंनी त्याला एका वाक्याचं उत्तर दिलं होतं, की भावंडांतसुद्धा एखादं वाया गेलेलं असतं.

एकदा मात्र सर जिंकले. त्या वर्षी बाजारात अळंबी आली, सासूबाईंना फार आवडायची. मटणाला त्या शिवत नसत, पण अळंबीचा रस्सा करायचा तो मटणाच्याच मसाल्यात. ताट वाढलं आणि सरांनी सांगितलं, नवीन संशोधन आलंय, अळंबी पालकाच्या नात्यातली नाही, ती पालकापेक्षा तुमच्या-माझ्या जवळची आहे. सासूबाईंचा हात तोंडाशीच थांबला. त्यांनी ताट सरकवलं आणि पुन्हा आयुष्यात अळंबीला हात लावला नाही. सरांवर मात्र त्या वर्षभर चिडून होत्या. विश्वास नव्हता म्हणायच्या, पण घासात संशय आला म्हणायच्या.

आणि ते पेढे. एका दुपारी सर कॉलेजातून पेढ्यांचा पुडा घेऊन आले, आमच्याकडे, शेजारी, इस्त्रीवाल्याकडे सगळीकडे वाटले. मला वाटलं, अखेर ह्यांचं लग्न ठरलं. सासूबाईंनी तर पेढा तोंडात टाकता टाकता मुलगी कुठली म्हणून विचारलंही. लग्न नव्हतं. टोमॅटोला इतकी वर्षं शास्त्रज्ञांनी वेगळं बिऱ्हाड दिलं होतं, आणि आता आतलं सूत, डीएनए की काय ते, तपासून त्याला बटाट्या-वांग्याच्या घरात परत घ्यायचं म्हणत होते. सरांना ते आधीपासून वाटत होतं. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. "घरी आला," एवढंच म्हणाले. इस्त्रीवाल्यानं मला हळूच विचारलं, कोण आला? मी सांगितलं, त्यांच्या लांबच्या नात्यातला आहे एक.

आता वैशूच्या लग्नाचं सांगते, कारण सर म्हटले की मला पहिल्यांदा तेच आठवतं.

वैशूचं बी.कॉम. झालं आणि नामपूरचं स्थळ आलं. कांद्याचे व्यापारी, घर मोठं, मुलगा शिकलेला आणि हसरा. बघण्याच्या वेळी त्यानं पोह्यांतलं खोबरं बाजूला काढलं आणि वैशूनंही स्वतःच्या बशीतलं काढलं. दोघांनी एकमेकांच्या बशीकडे बघितलं. मी तेव्हाच समजले की पोरीनं मनात घेतलंय. नाहीतर त्याआधी दोन स्थळांना तिनं बशी ठेवायच्या आत नाही म्हटलं होतं.

मग बैठक ठरली. मुलाकडून त्याचे थोरले चुलते येणार होते, सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या घरात त्यांचा शब्द म्हणजे आमच्याकडे सासूबाईंचा. धिप्पाड माणूस, पांढरा फेटा, बोलणं त्या बागलाणकडचं, अहिराणीत भिजलेलं. आमच्या ह्यांना वाटलं, आपल्या बाजूनं एखादा शिकलेला माणूस बसलेला बरा, म्हणून सरांना खाली बोलावलं. मी नको म्हणत होते. पण सुरुवात तर इतकी छान झाली. आबांनी विचारलं, तुम्ही झाडांचे मास्तर, तर कांद्याचं काय सांगता? सर म्हणाले, कांद्याला आजवर लिलीच्या घरात धरायचे, पण तो तिथला नाही, त्याचं नातं निशिगंधाशी आणि शतावरीशी जवळचं आहे. आबा मांडी बदलून नीट बसले. जन्मभर कांदा विकला, म्हणाले, पण त्याचं खानदान कुणी सांगितलं नव्हतं. आतल्या खोलीत वैशूनं माझा हात दाबला.

मग देवकाचं निघालं. आमच्यात लग्न ठरवताना देवक विचारतात. प्रत्येक घराचं एक देवक असतं, बहुधा एखादं झाड. लग्नाआधी त्याची डहाळी आणून मांडवात बसवायची, पूजा करायची. आणि दोन्ही घरांचं देवक एकच निघालं तर ती भाऊबंद मंडळी, मुलगा-मुलगी बहीण-भाऊ, लग्न होत नाही. त्याला तोड नाही. आम्ही सांगितलं, आमचं उंबर. आबा म्हणाले, आमचा वड. चला, वेगळं आहे. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, आबांनी अडकित्ता उघडला, सुपारी त्यात धरली. ती फुटली की लग्न पक्कं.

"वा," सर म्हणाले. "म्हणजे एकाच घरातले."

आबांचा हात थांबला. सरांना वाटलं, ऐकायला थांबलेत. ते उठले, अंगणातल्या आमच्या उंबराचं एक फळ तोडून आणलं, नखानं मधोमध फोडलं आणि भिंग आबांच्या हातात दिलं. बघा, आत फुलं दिसतात ती. उंबराला फूल नाही म्हणतात, ते सगळं आत असतं. आता वडाचं फळ फोडलंत तरी हेच, असंच, आत बारीक किडासुद्धा तशाच जातीचा. वड, उंबर, पिंपळ, अंजीर, सगळे एका वंशाचे. फणस त्यांचा चुलत. इतक्या आनंदानं सांगत होते की मला वाटलं, आता पेढे काढतात की काय.

आबांनी भिंगातून नीट बघितलं. मग भिंग परत दिलं, सुपारी खिशात टाकली आणि अडकित्ता मिटला. एवढासा आवाज झाला, पण तो मला अजून ऐकू येतो.

"कळवतो," म्हणाले.

कळवतो म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात मुलगी आहे त्यांना सांगायला नको.

त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली, पण जेवलं कुणी नाही. वैशू उंबराखालच्या दगडावर बसून राहिली. हे म्हणत होते, उद्याच्या उद्या खोली रिकामी करायला सांगतो. सासूबाई जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून वर ऐकू जाईल अशा बेतानं बोलत होत्या, की अळंबी माझ्या तोंडातून काढली ते काढली, आता पोरीचा नवरा काढला.

मी वर गेले. सर खुर्चीत नुसते बसले होते, दिवा न लावता. मी म्हटलं, सर, नामपूरला जा आणि चुकून बोललो म्हणून सांगा. तुमचं काय जातं? शिकलेल्या माणसाची चूक होत नाही का?

ते म्हणाले, "मालकीणबाई, दुसरं काहीही सांगा. हात जोडतो, पाया पडतो. पण त्या झाडांचं नातं नाही, असं कसं म्हणू?"

मला राग आला. झाडांचं नातं राखलंत, म्हटलं, आणि माणसांचं जुळता जुळता मोडलंत. मी खाली उतरले. उतरताना वाटलं, ह्या माणसाला कसं सांगायचं की खाली एक मुलगी बसलीय, तिचं सगळं आयुष्य त्या सुपारीत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सर अंगणात उभे. धुतलेला शर्ट, काखेत पिशवी, पिशवीतून उंबराची एक डहाळी आणि वडाची एक फांदी बाहेर आलेली. मला म्हणाले, खोटं सांगणार नाही, पण येतो. ह्यांनी नाइलाजानं टोपी घातली. आम्ही तिघं नामपूरच्या एस.टी.त बसलो. गाडीत एका बाईनं सरांच्या मांडीवरची वडाची फांदी बघून विचारलं, आज वटपौर्णिमा आहे का हो? सर म्हणाले, नाही, ह्याच्या भावाचं लग्न मोडलंय, समजूत काढायला चाललोय. ती बाई उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली. ह्यांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं ते सटाणा येईपर्यंत आत घेतलं नाही.

आबा कांद्याच्या चाळीत होते. चाळ म्हणजे कांदा साठवायची लांबलचक, हवेशीर बांधणी. दाराशी खाट टाकून बसले होते. पाणी दिलं, बसा म्हणाले, पण चेहरा बंद. सरांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"मी परवा चुकीचं बोललो नाही. पण अर्धवट बोललो."

आता हे काय आणखी? पण सर खाटेसमोर उकिडवे बसले, काडी घेतली आणि चाळीच्या धुळीत त्यांचं ते नेहमीचं काटेरी झुडूप काढायला लागले. इथे वड, वडाची फांदी ठेवली. इथे उंबर, त्याची डहाळी ठेवली. आणि हे इथे, खाली, दोघं एकाचे दोन झाले. नातं आहे, पण ते इथलं आहे. त्यानंतर ज्याचं घर वेगळं, संसार वेगळा. वडाच्या फुलात येणारा किडा उंबराकडे जात नाही, उंबराचा वडाकडे येत नाही. येणं-जाणं कधीच तुटलंय.

आबा वाकून बघत होते. बोटानं तो जोड दाखवून विचारलं, "इथून वेगळे व्हयेल कितल्या पिढ्या झाल्यात?"

सर म्हणाले, मोजता येणार नाही. काही कोटी वर्षं.

"सातपेक्षा जास्त?"

"बऱ्याच."

आबा मागे टेकले. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. सात पिढ्या सरल्या की भाऊबंदकी सरते आणि सोयरीक चालते, हे आमच्यात पोरासोरांनाही माहीत. इतकी साधी गोष्ट आमच्या कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

आता गप्प बसावं की नाही? पण सर ते सर. त्यांना वाटलं, आबांना विषय आवडला. काडी आणखी खाली ओढत नेली आणि म्हणाले, ह्याच्याही खाली गेलं तर तुम्ही, मी, हा वड, ती कोंबडी, हा कांदा, सगळे एका ठिकाणी येऊन मिळतात. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, जुळलेलं पुन्हा मोडलं.

"कांदा बी?" आबांनी विचारलं.

"कांदाही."

आबांनी चाळीत रचलेल्या कांद्याकडे बघितलं, त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत. "म्हंजे जल्मभर मी भाऊबंदच इकी ऱ्हायनू," म्हणाले, आणि असे हसले की खाट करकरली. हसता हसता खिशात हात घातला. सुपारी तीच होती. परवापासून खिशातच होती, म्हणजे बघा, त्यांनाही मोडवत नव्हतं. सगळ्या दुनियेशी नातं आहे तर लग्न काय दगडाशी लावायचं, म्हणाले, आणि अडकित्त्यात धरून कडकन फोडली.

मग मानपानाचं बोलणं निघालं. आबांनी विचारलं, मुलीमागे मामा कोण उभा राहणार? आमच्यात मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा लागतो. मी म्हटलं, मला सख्खा भाऊ नाही, सायखेड्याहून चुलतभावाला बोलवीन. आबांनी मान हलवली आणि सरांकडे बोट दाखवलं. नातं ह्यांनी काढलं, म्हणाले, तर नात्यानं ह्यांनीच उभं राहायचं.

सर दचकून उठले. मी? छे, छे. माझं आणि ह्यांचं काहीच नातं नाही, पुरावा नाही, हे शास्त्राला धरून होणार नाही.

आबांनी वाकून सरांचीच काडी उचलली आणि त्यांच्याच झुडपाच्या बुंध्यावर टेकवली.

"आजून खाले उतरा ना," म्हणाले. "आजोबा भेटी जाई."

सर त्या रेघेकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, फेटा बांधावा लागेल का?

लग्न आमच्याच मळ्यात झालं. मांडवात उंबराची डहाळी बसली. सरांना सासूबाईंनी स्वतः हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि फेटा बांधायला लावला. फेट्याखाली गळ्यात ते भिंग तसंच. वैशूच्या मागे उभे राहिले, ताठ, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. मंगलाष्टकं चालू असताना माझ्या लक्षात आलं की हे हळूहळू पुढे वाकतायत. वैशूच्या हारातली शेवंती भिंगातून बघत होते. नंतर वैशूनं सांगितलं, तिच्या कानात म्हणाले होते की हे एक फूल नाही, शेकडो फुलं दाटीनं एकत्र राहतात, म्हणून एक दिसतं. ती हसली, आणि फोटोत तीच हसताना आलीय. सासरचे म्हणतात, काय धीट नवरी.

पाठवणीच्या वेळी ती सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. मग सरांपुढे आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मामा, येते."

आम्ही सगळे थांबलो. हे, मी, सासूबाई, सगळेच. आता उकिडवे बसतात आणि पणजोबा विचारतात, असंच वाटलं. सरांनी भिंग शर्टाला पुसलं, पुन्हा पुसलं.

"ये," म्हणाले. "नवीन माणसं आहेत. दिसण्यावर जाऊ नकोस. खाली कुठेतरी जुळतंच."

गाडी गेली. सर फेटा न सोडताच जिना चढून वर गेले आणि दार लावून घेतलं. सासूबाईंनी त्यांचं ताट वर पाठवलं, त्यात वांग्याची भाजी होती. त्यांचा स्वतःचा उपास होता, त्यांच्या ताटात बटाटा होता.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं खालून हाक मारली, "मामा, दूध घ्या." लग्नात त्यानं ऐकलं असणार. सर फेट्यानिशीच खाली आले, पातेलं ओट्यावर ठेवलं, त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि विचारलं, "तुझी आई आणि मी, आमचा सामाईक आजोबा कोण?"